डंबेल्सवरचा आळ

आमच्या घरात सध्या दोन किलोच्या डंबेल्सच्या जोडीवर खटला चालू आहे. आरोप गंभीर आहे. भाच्याच्या कमरेचं हाड मोडलं, ते ह्यांनी मोडलं. साक्षीदार भरपूर, कारण कुटुंबाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर बत्तीस जण आहेत आणि त्यातल्या एकोणतीस जणांना हाडांमधलं कळतं. निकाल जवळजवळ लागलेलाच आहे. डंबेल्स माळ्यावर, आणि अठरा वर्षं पुरी होईपर्यंत पोराने व्यायामाचं नाव काढायचं नाही.

मी आरोपीचं वकीलपत्र घेतलंय. ग्रुपवर तीन ओळींपेक्षा जास्त कोणी वाचत नाही, आणि चौथ्या ओळीच्या डोक्यावर नानाकाकांचं गुलाबाचं फूल येऊन पडतं, म्हणून हे इथे सविस्तर. जे माझे नातेवाईक नाहीत त्यांनी घरगुती भांडण म्हणून सोडून देऊ नये. ज्यांच्या घरी आठ ते अठरा वयातलं खेळणारं पोर आहे, त्यांच्याकडे हा खटला आज ना उद्या उभा राहणारच.

आधी घटनाक्रम. भाचा चौदा वर्षांचा. डोंबिवलीला राहतो, उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी करतो, आणि गेल्या वर्षभरात चार इंच वाढलाय. गणपतीत पहिल्यांदा म्हणाला, कंबर दुखतेय. मखराची उचलाउचल केली असेल म्हणून ताईने बाम चोळला. दुखणं येत-जात राहिलं. दिवाळीत मिळालेल्या पैशांतून त्याने डंबेल्स घेतले आणि तीन आठवडे आरशासमोर उभं राहून दंडाच्या बेडकुळ्या काढल्या. डिसेंबरात एका मॅचमध्ये सहावं षटक टाकताना कंबर धरून खालीच बसला. एमआरआय झाला. कमरेच्या सगळ्यात खालच्या मणक्याला, डाव्या बाजूला, स्ट्रेस फ्रॅक्चर.

आता मला एवढंच सांगा, गणपती आधी येतात की दिवाळी?

स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणजे पडून-आपटून मोडलेलं हाड नव्हे. तार एकाच जागी पुन्हापुन्हा वाकवली की कधीतरी तुटते, तसा हा प्रकार. एकदा वाकवल्याने काही होत नाही. हाडाला रोज थोडी इजा होते, रात्री थोडी भरून येते. इजा जास्त आणि भरपाई कमी असं महिनोन्‌महिने चाललं की तडा जातो. वेगवान गोलंदाज चेंडू सोडताना एकाच वेळी मागे वाकलेला, एका बाजूला कललेला आणि कमरेत पिळलेला असतो, आणि नेमक्या त्याच क्षणी त्याचा पुढचा पाय जमिनीवर आपटतो. त्या पायातून वर येणारा जोर शरीराच्या वजनाच्या पाच-सहा पट असतो. उजव्या हाताने टाकणाऱ्याचा मणका बहुतेक वेळा डावीकडेच तडकतो. भाच्याचा डावीकडेच तडकलाय. गुन्हेगार सही करून गेलाय म्हणा ना!

भाचा पन्नास किलोचा. म्हणजे दर चेंडूला अडीचशे-तीनशे किलोचा दणका. आणि आरोपी कोण, तर दोन किलो, तेही जागेवर उभं राहून.

मग मी त्याला कागद-पेन्सिल घेऊन बसवलं आणि दुखणं सुरू झालं त्या सुमाराचा एक आठवडा आठवायला लावला. अकादमीत चार दिवस नेट्स. शाळेच्या संघाची दोन दिवस प्रॅक्टिस. रविवारी सकाळी अकादमीची मॅच आणि संध्याकाळी सोसायटीच्या मुलांबरोबर टेनिस बॉल. (टेनिस बॉल आईबाबांच्या हिशेबात कधीच धरलेला नसतो, कारण तो 'नुसता खेळ' असतो. मणक्याला हा फरक कळत नाही.) बेरीज साडेतीनशे चेंडूंच्या आसपास गेली. इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाने वर्षानुवर्षे जे नियम वापरले, त्यांत पंधरा वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजाला मॅचमध्ये एका स्पेलला सहा षटकं आणि दिवसाला बारा, अशी मर्यादा होती. म्हणजे तिकडे कोणीतरी मोजत होतं. इकडे शाळेचे सर शाळेतले चेंडू बघत होते, अकादमीचे कोच अकादमीतले. बेरीज कोणीच करत नव्हतं. मी त्या अकादमीचं नाव लिहीत नाही, बाकीच्या ठिकाणी फार वेगळं चालतं असं मला दिसत नाही.

तर पहिला आरोपी हा. पण एकच वय इतकं नाजूक का, हेही बघायला हवं. मुलींची उंची साधारण बाराव्या आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात वेगाने वाढते. हाडं आधी लांब होतात आणि त्यात कॅल्शियम मागाहून भरतं. स्लॅब पडलाय, क्युरिंग व्हायचंय, आणि वर बिऱ्हाड राहायलाही आलंय, अशी ती मधली वर्षं असतात. स्नायूंनाही नव्या लांबीची सवय झालेली नसते, म्हणून तर ह्या वयात पोरं चालताना दाराच्या चौकटीवर आपटतात. गुडघ्याखालचं टेंगूळ दुखणं, टाच दुखणं, ह्या तक्रारी ह्याच काळातल्या. गुडघ्याच्या दुखण्याला ऑसगुड-श्लाटर आणि टाचेच्या दुखण्याला सीव्हर्स अशी भारदस्त नावं आहेत. आपण सगळ्याला मिळून 'वाढीचं दुखणं' म्हणतो आणि पोराला परत मैदानावर पाठवतो.

क्रिकेटवाल्या पालकांना 'बोन टेस्ट' ठाऊक असते. सोळा वर्षांखालच्या मुलांचं खरं वय ठरवायला बीसीसीआय मनगटाचा एक्स-रे काढून घेतं ना, ती. त्या एक्स-रेमध्ये डॉक्टर जे बघतात त्यात हाडांच्या टोकाशी असलेल्या ग्रोथ प्लेट्स येतात. हाड तिथून वाढतं. आपल्याकडे तो एक्स-रे वय लपवणाऱ्यांना पकडण्यासाठी काढतात. ह्या हाडाला अजून किती सोसवेल असा प्रश्न त्याच फोटोकडे बघून कोणी विचारत नाही.

आता मुख्य आरोप. मोठ्या मावशीने ग्रुपवर लिहिलं, "लहान वयात वजन उचललं की उंची खुंटते, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे." मावशीबद्दल मला अपार आदर आहे, तिच्या हातची पुरणपोळी खाऊन मी वाढलोय. पण ह्याच मावशीने मला सातवीत असताना रोज दारावरच्या बारला लटकायला लावलं होतं, उंची वाढावी म्हणून! मावशी, लटकणं म्हणजे स्वतःचं सगळं वजन दोन हातांनी उचलून धरणं. चाळीस किलो उचललं तर उंची वाढते आणि दोन किलो उचललं तर खुंटते, असं कसं होईल? (माझी उंची पाच फूट सहा इंचच राहिली. लटकण्यानेही काही होत नाही. उंची आईबापांकडून येते, आणि उरलेली ताटातून.)

शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात १९२५ पासून मुलं मल्लखांब करतात. पहिली-दुसरीतली चिमुरडी खांबाला पायांची आढी घालून उलटी लोंबकळतात, मुली दोरीवर आसनं करतात. ही संपूर्ण शरीराच्या ताकदीची कसरत आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी हा प्रकार नव्याने रुजवला तेव्हापासून आजतागायत मराठी घरांतून मुलं तिकडे पाठवली गेली, आणि पोर बुटकं राहील म्हणून खांबाला कोणी बंदी घातल्याचं ऐकिवात नाही. खांब आपला, डंबेल परका, एवढाच काय तो फरक! 'जिम्नॅस्ट बुटके असतात' हे मात्र खरं आहे, पण ते बुटके आहेत म्हणून जिम्नॅस्टिक्समध्ये टिकतात. बास्केटबॉल खेळल्याने कोणी उंच होत नाही, उंच असतो म्हणून त्याला घेतात. तसंच ते.

आणि दप्तर? दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर नको असा निर्णय राज्य सरकारने २०१५ मध्ये काढला. तो काढावा लागला ह्यातच सगळं आलं. भाच्याचं दप्तर मी काट्यावर ठेवून पाहिलं, साडेसात किलो भरलं. ते दोन जिने चढून वर जातं, रोज, एका खांद्यावर. त्यावर ग्रुपवर चर्चा झाल्याचं मला आठवत नाही.

मात्र मावशीची भीती अगदीच हवेतून आलेली नाही, हेही कबूल केलं पाहिजे. १९७० आणि ८० च्या दशकांत परदेशात अशा केसेस नोंदल्या गेल्या होत्या, की पोरांनी कोणाच्या देखरेखीशिवाय डोक्यावर भरमसाट वजन उचललं आणि मनगटाच्या ग्रोथ प्लेटला इजा झाली. त्या काळी तिकडचे डॉक्टरही कचरत होते. पुढे लोकांनी नीट अभ्यास केला. शिकवणारा शेजारी उभा असताना, झेपेल एवढ्याच वजनाने व्यायाम करणाऱ्या मुलांची वाढ खुंटल्याचं काही आढळलं नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये हे स्पष्ट लिहिलं आणि वर हेही, की असा व्यायाम मुलांच्या फायद्याचा आहे. मला सगळ्यात आवडली ती तिकडच्या दवाखान्यांच्या तातडीच्या विभागांतल्या नोंदींवरची २००९ ची पाहणी. वजनांमुळे दुखापत होऊन आलेल्या आठ ते तेरा वयाच्या मुलांपैकी दोन तृतीयांशांची दुखापत हाताची किंवा पायाची होती, आणि कारण बहुतेक वेळा एकच. वजन पायावर पडलं, किंवा बोट चेमटलं. म्हणजे मूल व्यायामाने नाही, धसमुसळेपणाने जखमी झालं. त्याला उपाय बंदी नाही, शेजारी उभं राहणारं मोठं माणूस.

बरं, धोका नाही हे एक झालं. फायदा काय?

इथे मला थोडं मास्तरासारखं लिहावं लागणार आहे, सहन करा. वयात येण्याआधी मुलाने दोन-तीन महिने नेमाने व्यायाम केला तर त्याची ताकद चांगली वाढते, पण बेडकुळी दिसत नाही. स्नायू जाड होत नाहीत, कारण त्यासाठी लागणारी हार्मोन्स अजून आलेली नसतात. वाढते ती मेंदूची आणि स्नायूंची ओळख. जे स्नायू आधीच होते त्यांतले जास्त धागे एकदम आणि वेळेवर कामाला लागतात. एखादं मूल उंचावरून उडी मारून कसं उतरतं ते बघा. कच्चं मूल गुडघे ताठ ठेवून 'धप्प' करून उतरतं, किंवा त्याचे गुडघे आत एकमेकांकडे झुकतात. मांड्या आणि ढुंगण ह्यांतली ताकद असलेलं मूल मांजरीसारखं उतरतं, आवाज न करता. गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट तुटतं ते बहुधा अशाच एखाद्या उतरण्यात किंवा धावताना एकदम वळण्यात, समोरच्याने हात न लावता.

हे मी विशेषतः माझ्या चुलतभावासाठी लिहितोय. त्याची मुलगी खो-खो खेळते, जिल्ह्याच्या संघात आहे. खो-खो म्हणजे बसल्या जागेवरून झटक्यात उठणं, खांब धरून गर्रकन वळणं, अंगावर सूर मारणं. आणि वयात आल्यानंतर मुलींना एसीएलचा धोका मुलांच्या कितीतरी पट असतो. पण तिला ताकदीचा व्यायाम करू देत नाहीत. का, तर खांदे रुंद दिसतील. दादा, तेरा वर्षांच्या मुलीचे खांदे जोर काढून रुंद होत नाहीत रे. पण गुडघा एकदा गेला की ऑपरेशन, पुढचे नऊ-दहा महिने, आणि बऱ्याच जणींचा खेळ कायमचा. कशाची भीती वाटून घ्यायची ते ठरव.

नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर एक मोठी चाचणी झाली, २००८ साली ती प्रसिद्ध झाली. सव्वाशे क्लब होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी क्लबांची वाटणी केली. निम्म्या क्लबांच्या मुलींनी प्रॅक्टिसच्या सुरुवातीला वीस मिनिटं ठरावीक व्यायाम करायचे, बाकीच्यांनी नेहमीसारखं. त्या वीस मिनिटांत काय होतं? हळू धावणं, प्लँक, एका पायावर तोल, बैठका, उड्या मारून नीट उतरणं, आणि गुडघ्यांवर बसून, जोडीदाराने घोटे धरलेले असताना, पुढे हळूहळू झुकत जाणं. यंत्र नाही, वजन नाही, पैसे नाहीत. मोसमाच्या शेवटी त्या मुलींच्या दुखापती एक तृतीयांशाने कमी आणि गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्या. पुढे लहान मुलांसाठी त्याची सोपी आवृत्ती केली आणि युरोपातल्या चार देशांत ७ ते १३ वयाच्या सुमारे ३,९०० मुलांवर तपासली. त्याचा निष्कर्ष २०१८ मध्ये आला. एकूण दुखापती साधारण निम्म्यावर! मला हे वाचून आनंद झाला आणि मग रागही आला. आपल्याकडे शाळेच्या पीटीच्या तासाला अजून 'दोन राऊंड मारा आणि बसा' चालू आहे. ते दोन राऊंड वाईट नाहीत, पण त्यांनी गुडघा वाचत नाही.

इथे कोणीतरी म्हणेल (नानाकाका म्हणतीलच) की आमच्या तालमीत हे सगळं होतंच, तुम्ही परदेशातून परत आणताय. अर्धं खरं आहे. कोल्हापुरात अजूनही दहा-बारा वर्षांची पोरं पहाटे उठून आखाड्यात जोर-बैठका मारतात. मातीवर पडणं शिकतात. कसं पडायचं हे शिकवणं म्हणजे दुखापत टाळण्याचाच धडा, आणि तो आपल्या वस्तादांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. पण नाना, तालमीचे गोडवे गाताना एक विसरतो आपण. जी पोरं टिकली त्यांचीच नावं आपल्याला माहीत आहेत. हजार बैठकांचा आकडा सांगणारा गुडघा धरून घरी गेलेल्यांचा आकडा सांगत नाही. तालमीतून घ्यायचा तो नेम, वस्तादाची नजर आणि पायरीपायरीने चढणं. आकड्यांची फुशारकी तिथेच ठेवायची.

आणि हो, मी पोरांना नाक्यावरच्या जिममध्ये सोडा असंही म्हणत नाहीये. तिथला दृश्यपरिचय मला आहे. मोठ्याने गाणी, भिंतभर आरसे, आणि महिनाभराचा अनुभव असलेला 'ट्रेनर' जो तिसऱ्या दिवशी प्रोटीनच्या डब्याची किंमत सांगतो. चौदा वर्षांच्या मुलाने एका दमात जास्तीत जास्त किती उचलता येतं हे मित्रांना दाखवण्याची ती जागा आहे. त्याला माझाही विरोध. माझं म्हणणं ताकदीबद्दल आहे, जिमबद्दल नाही.

भाच्याकडे परत येतो. डॉक्टर म्हणाले, गोलंदाजी बंद, तीन-चार महिने विश्रांती, आणि दुखणं थांबलं की फिजिओकडे जाऊन पोट-पाठ-मांड्यांची ताकद वाढवायची, मग हळूहळू गोलंदाजी. आमच्या घरातल्या लोकांनी त्या वाक्यातला 'विश्रांती' हा एकच शब्द ऐकला. माझी खरी काळजी इथे आहे, आणि म्हणून एवढं लांबण लावलं. चार महिने सोफ्यावर बसून पोर आधीपेक्षा कच्चं होणार, त्यात आणखी इंचभर वाढणार, आणि मग 'बरा झाला' म्हणून एप्रिलच्या सुट्टीत, कॅम्प सुरू झाला की, पुन्हा त्याच नेट्समध्ये जाणार. तडा भरला असेल, पण तो ज्यामुळे गेला त्यातलं काय बदललं असेल?

ज्यांना क्रिकेटची गोष्ट सांगितल्याशिवाय पटत नाही (भावजी) त्यांच्यासाठी डेनिस लिली. १९७३ मध्ये वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर त्याच्या कमरेच्या मणक्यांना स्ट्रेस फ्रॅक्चर्स झाली. सहा आठवडे धडाला प्लास्टर. तो संपला असंच धरून चालले होते. पण प्लास्टर निघाल्यावर तो पर्थच्या विद्यापीठात फ्रँक पाईक ह्या शरीरशास्त्राच्या जाणकाराकडे गेला, महिनोन्‌महिने ताकदीचा आणि दमसासाचा व्यायाम केला, गोलंदाजीची शैली बदलली, आणि १९७४-७५ च्या अ‍ॅशेसमध्ये थॉमसनच्या जोडीने इंग्लंडची काय अवस्था केली ते भावजींनीच आम्हाला शंभरदा सांगितलंय. हाच लिली पुढे चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये आला आणि आपल्या पोरांना शिकवू लागला. (लहानग्या सचिनला वेगवान गोलंदाज व्हायचं होतं तेव्हा त्याला परत पाठवणारी हीच ती संस्था. त्याबद्दल तिचे आभार.) श्रीरामपूरचा झहीर खान तिथूनच वर आला. लिलीचं वय तेव्हा तेवीसच्या पुढे होतं, चौदा नव्हतं, हे मला कळतं. पण नुसत्या विश्रांतीवर तो परतला नाही, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

व्यायाम केला की भाच्याला पुन्हा काही होणारच नाही, असं मी म्हणत नाही. साडेतीनशे चेंडू तसेच राहिले तर जगातली कुठलीही ताकद पुरणार नाही. चांगल्या गाडीलाही रोज ओव्हरलोड केलं तर पाटे तुटतातच. बुमराहसारख्या, ज्याच्यामागे फिजिओंची फौज आहे, अशा गोलंदाजालाही २०१९ मध्ये कमरेचं स्ट्रेस फ्रॅक्चर झालं, आणि पुढे पाठीच्याच दुखण्यासाठी २०२३ मध्ये ऑपरेशन करावं लागलं. तेव्हा आधी चेंडू कमी, वर्षातले दोन-तीन महिने गोलंदाजी पूर्ण बंद, जमलं तर दुसरा एखादा खेळ, आणि त्याच्या जोडीला ताकद. हे एकमेकांच्या बदल्यात चालत नाही.

मोठ्या मावशीने मधे फोन करून विचारलं, "मग तुझ्या मते कितव्या वर्षी सुरू करायचं?" चांगला प्रश्न आहे. सात-आठ वर्षांचं मूल सांगितलेलं ऐकतं, तोल सांभाळतं, तेव्हा सुरू करायला हरकत नाही. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मधे एक दिवस मोकळा. सुरुवातीला नुसतं स्वतःच्या अंगाचं वजन. बैठका, भिंतीला हात लावून जोर, मग जमिनीवर, प्लँक, पायरीवर चढ-उतर, बारला लटकणं (मावशी खूश!). दहा-पंधरा वेळा सहज आणि नीट जमलं की मगच थोडं वाढवायचं. पाठ वाकडी झाली, श्वास कोंडला, तर तिथेच थांबायचं. दुखत असताना काहीही करायचं नाही. वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलाची कंबर दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त दुखत राहिली तर बाम बंद करून त्याला हाडाच्या डॉक्टरांकडे न्यायचं, मग गणपती असोत की दिवाळी.

गेल्या शनिवारी मी भाच्याला घेऊन त्याच्या अकादमीत गेलो होतो. भांडायला नाही. कोचला एवढंच विचारलं की तो परत आला की आठवड्याला किती चेंडू टाकायचे हे कोण ठरवणार आणि कोण मोजणार. कोच चांगला माणूस आहे, साठ पोरं आहेत त्याच्या हाताखाली. हसून म्हणाला, "साहेब, एवढं कोण मोजतं?" म्हटलं, आम्ही मोजू, तुम्ही फक्त आकडा द्या. त्याने थोडा विचार केला आणि सुरुवातीला एका दिवसाला चोवीस, दिवसाआड, असं सांगितलं. फिजिओला विचारून त्यात बदल करायला तो तयार आहे. ताईला शंभर पानी वही आणून दिलीय. तारीख, चेंडू किती (शाळा, अकादमी, टेनिस बॉल, सगळे), व्यायाम केला का, कंबर दुखली का, झोप किती. पहिल्या पानावर सध्या फक्त झोपेचा रकाना भरतोय. साडेदहा तास. ते मात्र पोर मन लावून करतंय.